परत बोलावलेला माल आणि गावचा ग्राहक

विकलेला माल विकणाऱ्यानेच आपण होऊन परत मागावा, ही गोष्ट आपल्या बाजाराच्या वळणात बसणारी नाही. आपल्याकडील पावतीवर आजवर छापले जात आले ते याच्या नेमके उलट: ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ गिऱ्हाइकाने माल पारखून घ्यावा आणि नंतर कुरकुर करू नये, हा जुना बाजारधर्म. १९३० च्या मालविक्री कायद्याचे सोळावे कलमही याच पायावर उभे आहे. त्याला अपवाद जोडले आहेत खरे, पण मूळ भूमिका तीच. आणि ज्या काळी ती भूमिका घडली त्या काळी ती सर्वस्वी अन्यायाचीही नव्हती. बैलाचे दात मोजता येतात, ज्वारी तळहातावर घेऊन पाहता येते, लुगड्याचा पोत बोटांना कळतो. घेणारा आणि विकणारा दोघेही एकाच बाजारात एकाच मालाकडे पाहत उभे असत.

आता संगणकातील मदरबोर्ड समोर ठेवा. हिरव्या किंवा काळ्या रंगाचा एक चौकोनी फलक, त्यावर शेकडो बारीक सुटे भाग डागलेले. संगणकाचा मेंदू म्हणजे प्रोसेसर, स्मृतीच्या पट्ट्या, माहिती साठवणारी हार्ड डिस्क, ही सर्व मंडळी या फलकावरच एकमेकांशी बोलतात. आणि त्यांच्या संभाषणाची व्यवस्था फलकावरील चिपसेट नावाचा भाग पाहतो. तो गिऱ्हाइकाने पारखायचा तरी कसा? मंगरुळपीरचा किंवा अकोल्याचा दुकानदारही तो पारखू शकत नाही. त्याच्या दृष्टीनेही तो एक खोका आहे. दोष असलाच तर तो फक्त बनविणाऱ्यालाच कळू शकतो, आणि पुष्कळदा त्यालाही माल बाजारात गेल्यावरच कळतो. म्हणून ‘परत बोलावणे’ हा प्रकार जन्माला आला. इंग्रजीत त्याला रिकॉल म्हणतात आणि तो शब्द आता आपल्याकडेही रुळू लागला आहे.

या बाबतीतले ठळक उदाहरण २०११ चे आहे. त्या वर्षाच्या जानेवारीत इंटेल कंपनीने आपले नवे प्रोसेसर बाजारात आणले आणि त्यांच्यासाठी ‘सहा मालिका’ या नावाचे चिपसेटही दिले. कंपनीच्या अंतर्गत बोलीत त्या चिपसेटचे नाव कूगर पॉइंट. ९ जानेवारीपासून त्यांवर बांधलेले संगणक लोकांच्या हाती जाऊ लागले, आणि ३१ जानेवारीला, म्हणजे जेमतेम तीन आठवड्यांत, कंपनीने जाहीर केले की चिपसेटच्या रचनेत चूक सापडली असून पाठवणी थांबविली आहे. दुरुस्ती आणि बदली यांसाठी सत्तर कोटी डॉलर लागतील असा अंदाजही त्याच वेळी दिला.

चूक काय होती हे थोडे समजून घेण्यासारखे आहे. हार्ड डिस्क आणि डीव्हीडी यांच्या तारा मदरबोर्डवरील ज्या खोबणींत बसतात त्यांना साटा पोर्ट म्हणतात. या चिपसेटला असे सहा पोर्ट होते. शून्य व एक क्रमांकाचे दोन जलद, आणि दोन ते पाच क्रमांकाचे चार त्यांच्या निम्म्या वेगाचे. या चारांना ठेका धरून देणारे एक मंडल आत असते, तबलजीने ताल धरावा तसे. त्या मंडलातील एका ट्रान्झिस्टरला तो सोसेल त्याहून जास्त व्होल्टेज मिळत होते. त्याचा परिणाम पहिल्या दिवशी दिसत नाही. महिने जातात, गळणारा प्रवाह हळूहळू वाढतो, ताल चुकू लागतो, आणि त्या चार पोर्टांवर बसवलेली डिस्क प्रथम मंद होते, पुढे दिसेनाशी होते. डिस्कवरची माहिती शाबूत असते, पण तिच्यापर्यंतची वाट बंद पडते. गंमत अशी की दुरुस्त आवृत्तीत इंटेलने त्या ट्रान्झिस्टरची जोडणीच काढून टाकली. तो तेथे नसता तरी चालले असते! पहिल्या दोन पोर्टांचे मंडल निराळे असल्याने त्यांना या दोषाचा स्पर्शही नव्हता.

चिपसेट फलकावर डागलेला असतो, बल्बासारखा काढून दुसरा लावता येत नाही. म्हणून बदलायचा तो संपूर्ण मदरबोर्डच. दुरुस्त चिपसेटचे फलक फेब्रुवारीच्या उत्तरार्धापासून निघू लागले, त्यांची आवृत्ती ‘बी-३’ म्हणून ओळखली गेली आणि कित्येक कंपन्यांनी खोक्यावर तशी चिठ्ठी चिकटवली. ज्या लॅपटॉपांत एक डिस्क आणि एक डीव्हीडी एवढ्याच वस्तू असून त्या पहिल्या दोन पोर्टांवर बसविल्या असतील, त्यांसाठी जुना चिपसेट वापरण्यासही ७ फेब्रुवारीला पुन्हा मोकळीक देण्यात आली.

आता खरा प्रश्न येतो. या दोषामुळे तीन वर्षांत शेकडा पाच ते पंधरा संगणकांना, वापराच्या मानाने, त्रास होईल असा अंदाज त्या वेळी सांगण्यात आला होता. म्हणजे शंभरातले पंच्याऐंशी ते पंचाण्णव सुखाने चालले असते. मग ज्याचा संगणक आज सुरळीत चालतो आहे त्याला बदली मागण्याचा अधिकार आहे काय? दुकानदाराचे उत्तर ठरलेले असते: “चालतोय ना? बंद पडला की घेऊन या.” हे उत्तर ऐकायला समंजस वाटते, आणि म्हणूनच ते घातक आहे. परत बोलावलेल्या मालाच्या बाबतीत दोष हा पुढे केव्हातरी होणारा अपघात नसतो; तो वस्तूत पहिल्या दिवसापासून असतो, फक्त दिसत नसतो. आपल्या ग्राहक संरक्षण कायद्यानेही ‘दोष’ या शब्दाची व्याख्या वस्तू बंद पडण्याशी बांधलेली नाही. गुणवत्ता, प्रमाण, सामर्थ्य, शुद्धता किंवा दर्जा यांत जी उणीव, अपुरेपणा अथवा वैगुण्य असेल तो दोष. जो फलक सहा पोर्ट देतो म्हणून विकला आणि ज्याचे चार पोर्ट झिजणारे आहेत, तो आज चालत असला तरी सदोषच आहे.

कंपन्यांनाही हे पटकन उमगले असे नाही. १९९४ सालची पेंटियमची हकीकत प्रसिद्ध आहे. अमेरिकेतील लिंचबर्ग कॉलेजचे गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली यांना आपल्या गणितात चुका दिसू लागल्या आणि शोध घेता प्रोसेसरच भागाकारात चुकतो असे निघाले. ४१,९५,८३५ ला ३१,४५,७२७ ने भागले तर उत्तर १.३३३८ यावयाचे, ते १.३३३७ येई. इंटेलचे म्हणणे पडले की सामान्य माणसाला ही चूक सत्तावीस हजार वर्षांतून एकदा भेटेल. आयबीएमने आपला हिशेब मांडला, तो चोवीस दिवसांतून एकदा असा आला, आणि त्या कंपनीने आपले तसे संगणक पाठविणे थांबविले. इंटेलची प्रथमची अट अशी होती की ग्राहकाने आपल्याला अचूक गणिताची गरज आहे हे आधी पटवून द्यावे. ग्राहकाने आपली गरज सिद्ध करावी! लोकांचा क्षोभ असा झाला की २० डिसेंबर १९९४ रोजी कंपनीने मागेल त्याला विनाअट बदली देण्याचे मान्य केले आणि त्यासाठी साडेसत्तेचाळीस कोटी डॉलर बाजूला काढले. २०११ मध्ये तीच कंपनी तीन आठवड्यांत स्वतः पुढे झाली, याचे मूळ या प्रसंगात असावे असे मला वाटते.

मधे २००० सालीही एक प्रसंग झाला. ८२० चिपसेटच्या मदरबोर्डांवर जुन्या प्रकारच्या स्मृतिपट्ट्या चालाव्यात म्हणून जो दुभाष्या-भाग घातला होता तो बिघडला. संगणक मधेच थिजू लागले. त्या वर्षीच्या मे महिन्यात इंटेलने फलक बदलून देऊ केले. परंतु दुभाष्या काढला की जुन्या पट्ट्याही निरुपयोगी, आणि नव्या प्रकारच्या पट्ट्या तर कितीतरी महाग. बदली म्हणजे केवळ फलकाला फलक नव्हे, त्या फलकामुळे जे जे बदलावे लागते त्याचाही हिशेब, हे त्या वेळी ध्यानात आले.

ही सारी मोठ्या शहरांची कथा झाली. वाशिम जिल्ह्यात मंगरुळपीर तालुक्यातल्या आसेगावला या घोषणेचा आवाज कितपत पोहोचतो? समजा, उद्या अशीच एखादी घोषणा झाली. आसेगावातला एक तरुण गावात छोटे सेवाकेंद्र चालवतो. सातबारा काढून देतो, दाखल्यांचे अर्ज भरतो, पीकविम्याची मुदत संपत आली की रात्री उशिरापर्यंत बसतो. त्याचा संगणक कोणा एका कंपनीचा नाही. तालुक्याच्या दुकानदाराने सुटे भाग आणून तो जोडून दिला आहे. भाग अकोल्याच्या घाऊक व्यापाऱ्याकडून, त्याला ते मुंबईच्या आयातदाराकडून, आणि फलक तयार झालेला तैवानमध्ये किंवा चीनमध्ये. कंपनीच्या संकेतस्थळावर सूचना झळकते. पण ही पाच-सहा जणांची साखळी खाली उतरता उतरता दर कडीला थोडी थोडी विरते. शेवटच्या माणसाला बोलावणे पोहोचतच नाही, आणि ज्या दिवशी विम्याचे अर्ज भरायचे त्याच दिवशी डिस्क दिसेनाशी होते. सेवाकेंद्रासमोर जी रांग उभी आहे तिला चिपसेटशी काय कर्तव्य? तिला मुदतीशी कर्तव्य आहे.

आणि समजा कळले, तरी तो सिद्ध काय करणार? बिल कच्चे, एका कागदावर ‘संगणक १ नग’ एवढेच लिहिलेले. मदरबोर्डचा क्रमांक कोठेही नोंदलेला नाही. खोका तर पहिल्याच दिवाळीच्या साफसफाईत गेला.

येथे आमच्या वऱ्हाडातील शेतकऱ्याला मी गुरू मानतो. सोयाबीनची पिशवी फोडताना टाके एका बाजूने उसवायचे, टॅग जपायचा, लॉट क्रमांक पाहायचा, बिलावर तोच क्रमांक घालून घ्यायचा, मूठभर बियाणे पिशवीतच ठेवायचे, हे त्याला आता सांगावे लागत नाही. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवले नाही म्हणून राज्यभर तक्रारी झाल्या, तेव्हा ज्याच्याकडे टॅग आणि बिल होते त्याची तक्रार उभी राहिली. मदरबोर्डचा सिरियल नंबर म्हणजे त्याचा लॉट क्रमांकच आहे. तो फलकावर आणि खोक्यावर चिकटवलेला असतो. बियाण्याच्या पिशवीची जी काळजी घर घेते ती संगणकाच्या खोक्याची घेत नाही, एवढाच फरक.

बियाण्याचा दाखला मी केवळ उपमेसाठी दिला नाही. कायद्यातही तो उपयोगी आहे. सदोष बियाण्याबद्दल शेतकरी ग्राहक न्यायमंचाकडे जाऊ शकतो असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये राष्ट्रीय बीज निगमाच्या खटल्यात दिला. बियाणे प्रयोगशाळेत तपासून घेतले नाही, असा निगमाचा आक्षेप होता. पेरण्यासाठी घेतलेले बियाणे शेतकऱ्याने तपासणीसाठी राखून ठेवावे अशी अपेक्षा करता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. आता मदरबोर्डकडे वळा. दोष तपासणीवाचून ठरविता येत नसेल तरच वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवावी, असे कायदा सांगतो. जेथे बनविणाऱ्याने स्वतःच अमुक क्रमांकांच्या मालात दोष असल्याचे जाहीर केले आहे, तेथे प्रयोगशाळेचे कामच उरत नाही. ती घोषणा छापून घ्यावी, तारखेसह. तिच्याइतका बळकट पुरावा ग्राहकाला दुसरा कोणी देणार नाही.

आपला पहिला ग्राहक संरक्षण कायदा १९८६ चा. त्यामागे जे लोकमत तयार झाले त्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा. १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले, तेव्हा ग्राहक म्हणून काही हक्क असतात हेच मुळी नवीन होते. आजचा कायदा २०१९ चा. तो २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यातील अनुचित व्यापारी प्रथेच्या व्याख्येत दोन गोष्टी नव्याने आल्या, त्या आपल्या विषयाला थेट लागतात. एक, बिल न देणे. दुसरी, सदोष माल परत घेऊन पैसे देण्याचे नाकारणे. बिलावर जी मुदत असेल त्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत. म्हणजे ज्या वाक्याने मी प्रारंभ केला ते पावतीवरील वाक्य सदोष मालाच्या बाबतीत आता ग्राहकाच्या आड येऊ शकत नाही. तरी ते छापले जाते, आणि वाचून लोक मुकाट्याने परत फिरतात. छापील अक्षराचा आपल्यावर केवढा दरारा!

जिल्हा आयोग काय देऊ शकतो? दोष काढून देण्याचा, निर्दोष नवी वस्तू देण्याचा, किंवा किंमत व्याजासह परत करण्याचा हुकूम, शिवाय नुकसानभरपाई. यांपैकी काय मागायचे याचा विचार तक्रार लिहिण्यापूर्वी करावा. ताज्या मालात बदली बरी. परंतु त्या जातीचा फलक बाजारातून उठला असेल तर नवा फलक जुन्या प्रोसेसरला बसेलच असे नाही, आणि मग स्मृतिपट्ट्याही बसणार नाहीत; अशा वेळी पैसे परत मागणेच शहाणपणाचे, आणि निरुपयोगी झालेल्या भागांची किंमतही त्यात धरावी.

एक गैरसमज मात्र दूर केला पाहिजे. नव्या कायद्यात ‘उत्पादन दायित्व’ नावाचे प्रकरण आले आणि त्याची वाहवा झाली. पण ते प्रकरण वस्तूमुळे माणसाला किंवा इतर मालमत्तेला जी इजा होते तिच्यासाठी आहे. खुद्द वस्तूचे नुकसान आणि व्यापारी स्वरूपाचा तोटा यांना त्यातून वगळले आहे. फलकाने पेट घेऊन घर जळाले तर ते प्रकरण. फलकच निकामी झाला तर साधी सदोष मालाची तक्रार. चुकीच्या दारावर धक्के मारण्यात वेळ जातो.

आसेगावच्या तरुणाला विरुद्ध पक्षाचा वकील बहुधा असे विचारील: तुम्ही तर पैसे घेऊन लोकांची कामे करता, संगणक व्यापारासाठी घेतला, तेव्हा तुम्ही ग्राहक कसले? या प्रश्नाचे उत्तर १९९५ च्या लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या निकालात आहे. त्या खटल्यात न्यायालयाने टाइपरायटरचेच उदाहरण घेतले आहे. दुसऱ्यांचे टंकलेखन मोबदल्याने करणे हा व्यापारी उपयोग खरा. पण यंत्र घेणारा स्वतःच ते चालवून स्वयंरोजगाराने पोट भरत असेल तर तो ग्राहकच राहतो. टाइपरायटरच्या जागी संगणक घाला. तक्रारीत मात्र हे स्पष्ट लिहिले पाहिजे की हा धंदा मी स्वतः, उपजीविकेसाठी करतो.

व्यवहारातला क्रम असा ठेवावा. प्रथम क्रमांक जुळवून पाहावा. २००७ मध्ये नोकियाने बीएल-५सी जातीच्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्यांबद्दल सूचना काढली तेव्हा खेड्यापाड्यांतील लोकांनीही मोबाइल उलटा करून मागचा सव्वीस अक्षरांचा क्रमांक वाचला होता. यात विद्वत्तेचे काम काही नाही. क्रमांक जुळला की दुकानदाराला आणि कंपनीच्या भारतातील कार्यालयाला लेखी कळवावे, पोच ठेवावी. फोनवरचे गोड बोलणे पुढे उपयोगी पडत नाही. फलक हवाली करताना हार्ड डिस्क काढून घरी ठेवावी. तीत गावच्या लोकांची आधारपत्रे आणि बँकेचे कागद असतात, ती दुरुस्तीच्या टेबलावर फिरण्याची वस्तू नव्हे. फलकाचा क्रमांक घातलेली पावती हातात पडल्याशिवाय तो सोडू नये. नवा फलक बसला की संगणकातील विंडोज पुन्हा परवाना विचारू शकते, तेव्हा फलक दोषामुळे बदलल्याचा कागद जवळ असावा.

दुकानदारावर येथे फार रागावण्यात अर्थ नाही. तोही साखळीतील एक कडी आहे आणि त्याला वर कोणी उभे करीत नाही. म्हणून तक्रारीत त्याच्याबरोबर आयातदार आणि उत्पादक या दोघांनाही सामील करावे. पुष्कळदा नोटीस गेल्यावर दुकानदारच आपल्या बाजूला येतो, असे दिसते.

सरकारने माल परत बोलावण्याचा मार्गही आता आहे. २४ जुलै २०२० रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. धोकादायक माल परत बोलावून किंमत देववण्याचा अधिकार त्याला आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये प्रमाणचिन्ह नसलेल्या प्रेशर कुकरांबद्दल त्याने ॲमेझॉनला २,२६५ आणि फ्लिपकार्टला ५९८ कुकरांच्या गिऱ्हाइकांना कळवून कुकर परत घेण्याचा व पैसे देण्याचा आदेश काढला. हे आकडे असे नेमके सांगता आले याचे कारण त्या कंपन्यांकडे प्रत्येक गिऱ्हाइकाचा पत्ता होता. तालुक्याच्या दुकानात अशी वही नसते. पुन्हा, डिस्क मंदावणारा फलक हा ‘धोकादायक’ माल नव्हे, तेव्हा तेथे प्राधिकरणाची वाट पाहत बसण्यापेक्षा स्वतः तक्रार करणे बरे.

ती कोठे करायची? १९८६ च्या कायद्यात विकणारा जेथे असेल किंवा तक्रारीचे कारण जेथे घडले असेल तेथे जावे लागे. आता ग्राहक जेथे राहतो तेथील आयोगाकडेही ती करता येते. आसेगावच्या माणसाला वाशिम पुरे. दिलेली किंमत पन्नास लाखांच्या आत असली की जिल्हा आयोग, आणि पाच लाखांपर्यंत शुल्क काहीच नाही. वकील सक्तीचा नाही. ई-जागृती या संकेतस्थळावरून तक्रार घरबसल्याही दाखल होते, आणि तत्पूर्वी १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे सांगून पाहता येते. कित्येक प्रकरणे तेथेच मिटतात. निकाल तीन महिन्यांत, तपासणी लागल्यास पाच महिन्यांत द्यावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वेळ अधिक लागतो हे धरून चालावे. वाशिमच्या निकालावर अपील राज्य आयोगाकडे होते आणि त्याचे खंडपीठ नागपुरास बसते. ग्राहकाविरुद्ध अपील करणाऱ्या कंपनीला हुकुमातील निम्मी रक्कम आधी भरावी लागते, त्यामुळे दहा-बारा हजारांच्या फलकासाठी तिथवर जाण्याचा उत्साह सहसा कोणी दाखवीत नाही.

मुदत दोन वर्षांची आहे. ती कारण घडल्यापासून मोजतात. छुप्या दोषाच्या बाबतीत ते कारण खरेदीच्या दिवशी घडले की घोषणेच्या दिवशी, यावर वाद घालता येतो. पण सावध माणसाने तो वाद वकिलांसाठी सोडून खरेदीच्या तारखेपासूनच दिवस मोजावेत.